गाडीची हळद

गाडीखाली तेल दिसतंय मिस्त्री, काय करू, असं लोक अजूनही मला जिन्यात गाठून विचारतात. मी सांगतो, आधी ते तेल तुमच्याच गाडीचं आहे का बघा. थट्टा नाही. नेरूळच्या एका साहेबांनी गिअरबॉक्स गळतो म्हणून माझ्याकडून गाडी दोनदा उघडून घेतली. गाडी ठणठणीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी वैतागून त्यांच्या सोसायटीत जाऊन बसलो. पाहतो तर शेजारचे गृहस्थ दुपारी जेवायला घरी येत, आपली गळकी स्कूटर ह्यांच्या गाडीच्या जागेवर सावलीला लावत, आणि जेवण झालं की निघून जात. साहेबांनी शेजाऱ्याशी बोलणं सोडलं. माझ्याशीही सोडलं, कारण मी ते चारचौघांत सांगितलं. आता मला कुठे तोंड आवरता येतं!

माझं गॅरेज घणसोली गावाच्या कडेला होतं. ऐंशी साल नुकतंच उलटलेलं. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखान्यांची रांग, पलीकडे खाडी आणि मिठागरं, आणि मधे शेतं जाऊन उरलेलं गाव. गॅरेज म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि खाली गाडीच्या पोटात शिरायला खणलेला खड्डा. पाटी रंगवायची होती, ती शेवटपर्यंत राहिली. मी मूळचा रत्नागिरीकडचा. लालबागच्या एका गॅरेजात मार खात धंदा शिकलो, आणि नवीन मुंबईत गाड्या येणार म्हणून सगळ्यांच्या आधी इथे येऊन बसलो. गाड्या यायला बराच वेळ लागला.

ज्यांनी कधी बोनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. गाडी गळते म्हणजे कुठून गळते ते आम्ही पुठ्ठ्यावर वाचायचो. संध्याकाळी गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी काढून बघायचा. इंजिनचं तेल काळं. गिअरबॉक्सचं जाड, तपकिरी, आणि वास असा की जेवण जाऊ नये. ब्रेकचं पातळ, पाण्यासारखं. डाग पुढे आहे की मागे, तेही कळतं. डॉक्टर जीभ बघतात, आम्ही पुठ्ठा बघायचो.

आणि गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. चौथी म्हणजे मालकाने गप्प बसणं, ती सहसा मिळत नाही. आमच्या भागात ठिणगीचं दुखणं फार. खाडीची खारट हवा रात्रभर इंजिनात शिरायची. इंजिनावर एक टोपीवाली डबी असते, तिच्यातून ठिणगी एकेका प्लगला वाटली जाते. त्या डबीत दोन इवलेसे पॉइंट असतात, ते उघडतात आणि मिटतात. त्यांच्यावर गंज धरला आणि प्लग ओलावले की सकाळी गाडी नुसती खोकायची. म्हणून लोक प्लग काढून घरी नेऊन तव्यावर शेकायचे. नवऱ्यांनी चपातीच्या तव्यावर प्लग भाजले म्हणून झालेली भांडणंही माझ्याच गॅरेजात यायची, जणू मीच तवा काळा केला.

आता गोमा पाटील. गॅरेजची जागा त्यांचीच. पूर्वी भातशेती आणि थोडी मिठागरावरची कामं. जमिनी सरकारात गेल्या, हातात पैसे आले, आणि पाटलांनी गावातली पहिली मोटार घेतली, जुनी, पोट सुटलेली. कंपनीचं नाव घेत नाही, त्या गाडीने मला पुष्कळ वर्षं पोटाला दिलंय. पाटलांना चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मागे बसायचं, काच खाली करायची, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मला थांबायला सांगायचं. चालवणारा मीच. गाडीला ते 'गारी' म्हणत, आणि गारीला काही झालं की दिवसभर गॅरेजात टायरवर बसून मला कामाला लावत. राग नाकावर. पण घरी मासळी शिजली की माझा डबा पहिला यायचा, हेही सांगितलं पाहिजे.

एकदा त्यांनी विचारलं, हिच्यात बळ किती? मी म्हटलं, चाळीसेक घोड्यांचं. ते म्हणाले, घोडे आमच्याकडे कुणाकडे होते रे, बैलांत सांग. मला हिशोब कुठला येणार? वीस बैल धरा म्हटलं. झालं, पाटील बोनेटवर हात ठेवून येईल त्या पाहुण्याला सांगायला लागले की ह्याच्या आत वीस बैल आहेत. पाहुणेही वाकून बघत.

मग त्यांच्या वनिताचं लग्न ठरलं. ही पाटलांची एकुलती एक मुलगी. रोज दुपारी बापाला जेवायला बोलवायला गॅरेजात यायची, आणि बाप माझ्यावर ओरडत असेल तर दारात उभी राहून हसायची. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात, घर त्याच बाजूच्या गावात. त्याच्या मामाकडे जीप होती. मामाने साखरपुड्यात सहज म्हटलं की नवरीला न्यायला आमची जीप येईल, तुमच्या गाडीला कशाला त्रास. 'त्रास' म्हणताना तो गाडीखालच्या तेलाकडे बघत होता. ते बघणं पाटलांना लागलं.

साखरपुड्याची पंगत उठली आणि पाटील तडक गॅरेजात आले. मागे अर्धा गाव.

"माजी पोर माज्याच गारीत जानार," ते म्हणाले. "त्या दिवशी गारी गलली, नाय त सुरू नाय झाली, त तुजा ह्यो पत्रा उचलायचा आन इथून चालू परायचा. ऐकला काय?"

ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं, तीच तर पंचाईत. पाटील चारचौघांत बोलले की मागे फिरत नसत. दुसरीकडे जागा घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि जमवलेली गिऱ्हाइकं त्या रस्त्यावरची. मी हसून मान हलवली.

लग्नाच्या आठवड्यात मी गिअरबॉक्स उतरवला. मागच्या तोंडाशी तेल अडवणारं रबरी सील वाळून चामड्यासारखं झालेलं, ते बदललं. पॅकिंगं नवी घातली, तेल नवं भरलं. पॉइंट घासले, प्लग साफ केले. हळदीच्या दिवशी संध्याकाळी गाडी मांडवाच्या तोंडाशी नेऊन उभी केली, खाली कोरा पुठ्ठा सरकवला, आणि पाटलांना म्हटलं, सकाळी ह्याच्यावर एक थेंब दिसला तर मीच पत्रा उचलतो. असली वाक्यं माणसाने बोलू नयेत.

आमच्याकडे लग्न म्हणजे बुद्धवंदना होते, हार घालतात, आणि अर्ध्या तासात माणूस जेवणाच्या पंगतीत. आगरी लग्नाचं तसं नाही. तिथे हळद लग्नापेक्षा मोठी, आणि सगळ्या लग्नात हुकूम चालतो तो धवलारणीचा. धवलारीण म्हणजे विधींची गाणी म्हणणारी बाई. तिने गाणं म्हटल्याशिवाय पान हलत नाही, आणि ती सांगेल ते भटजीसुद्धा मुकाट्याने करतात. हिराबाय ह्या गावाची धवलारीण. सुरकुतलेली, बारीक, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याला भारी. मी जेवून घरी गेलो तेव्हा तिचं गाणं ऐन रंगात आलं होतं.

सकाळी जाऊन बघतो तर पाटील पुठ्ठा हातात घेऊन उभे. पुठ्ठ्यावर हा एवढा डाग. आणि डाग पिवळा. पिवळाधमक.

इतक्या वर्षांत मी काळे, तपकिरी, लालसर सगळे डाग वाचले होते. असं पिवळंधमक तेल गाडीत कुठेच नसतं. मी बोट लावून वास घेतला. जिभेलाही लावलं. आणि ओळखीची चव लागली, पण ती गाडीतली नव्हती, डाळीतली होती.

पाटलांनी तोवर आणखी एक काम करून ठेवलं होतं. त्यांनी डाग बघितल्या बघितल्या गाडीत बसून सेल्फ मारायला सुरुवात केली होती, आणि सुरू होईना म्हणून मारतच राहिले होते. मी पोचेपर्यंत बॅटरी झोपली होती. मी बोनेट उघडलं.

काय सांगू! आत हळद. प्लगवर हळद, वायरींवर हळद, रेडिएटरच्या माथ्यावर कुंकवाची पाच बोटं. टोपीवाल्या डबीच्या क्लिपा कुणीतरी डब्याचं झाकण काढावं तशा उघडून पुन्हा नीट लावल्या होत्या. टोपी काढली तर आत पॉइंटांवर अक्षता. त्यातला एक तांदूळ दोन पॉइंटांच्या बरोबर मधे बसलेला. पॉइंट मिटत नव्हते, ठिणगी पडत नव्हती, आणि जिथे पडली असती तिथून ओल्या हळदीवरून ती भलतीकडे पळाली असती.

चौकशी केली तेव्हा सगळं सरळ होतं. पूर्वी नवरी बैलगाडीतून जायची, तेव्हा गाडी ओढणाऱ्या बैलांना नवरीची उष्टी हळद लावायची आणि तांदळाचा घास द्यायचा, अशी रीत. रात्री हिराबायने विचारलं, आपल्या गारीचे बैल कुठे? ते तर सगळ्या गावाला पाठ. बायकांनी बोनेट उघडलं आणि जमेल त्या सगळ्या बैलांना हळद लावली. मग घास द्यायला तोंड शोधलं, तर उघडता येईल असं झाकण त्या एका डबीलाच. हळदीत तेल होतं, ते ओघळत ओघळत गिअरबॉक्सच्या कडेने पुठ्ठ्यावर आलं.

माझा जीव भांड्यात पडला. सील शाबूत होतं! मी खिशातून फडकं काढलं आणि पुसायला लागलो. पाठीमागून हिराबायचा आवाज आला.

"हात लावू नको. नवरीची हलद हाय ती. पुसायची नसते."

मी समजावलं. पाटलांनी समजावलं, म्हणजे ओरडून बघितलं. ती ढिम्म हलली नाही. लागलेली हळद फडक्याने पुसणं म्हणजे अपशकुन, नवरी सासरी सुखाने नांदत नाही. हे ऐकल्यावर पाटीलही माझ्याकडून फडकं काढून घेऊन बसले. इकडे पोरीचं सुख, तिकडे मामाची जीप, मधे मी. हळद पुसली तर अपशकुन, न पुसली तर गाडी बंद, आणि दोन्हीकडून पत्रा माझाच उचलायचा. मला इतका राग आला की मी हिराबायलाच विचारलं, मग नवरी काय आयुष्यभर पिवळीच हिंडते का?

बायका हसल्या. हिराबाय नाही हसली. म्हणाली, नवरीला सकाळी न्हाऊ घालून हळद उतरवतात, गाणं म्हणून. आताच उतरवून आलेय.

"मग हिची पण उतरवा," मी म्हटलं. "रीतीने."

तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला ते पटत चाललं होतं हे दिसत होतं. तेवढ्यात एक बाई पाण्याची घागर घेऊन धावली, आणि मी घागरीला मिठी मारली. इंजिनावर पाणी ओतलं असतं तर कारभारच आटोपला असता. मी हिराबायला सांगितलं, बैल पाणी पितो म्हणून पाण्याने न्हातो. हे बैल पेट्रोल पितात, त्यांना पेट्रोलनेच न्हाऊ घालावं लागतं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, बराबर हाय.

मग जे झालं ते कुठल्या गॅरेजात झालं नसेल. बोनेटभोवती नऊवारीतल्या बायकांचं कडं, मधोमध हिराबाय न्हाणाचं गाणं म्हणतेय, आणि मी ब्रश आणि पेट्रोलची डबी घेऊन प्लग, वायरी, टोपी एकेक धुतोय. मधेच ती हात वर करायची, मग मला थांबावं लागायचं, कारण त्या कडव्यात पाणी घालत नाहीत. आणि मी गाण्याच्या मधे मधे ओरडत होतो, विड्या विझवा, अरे विड्या विझवा, नाहीतर नवरीच्या आधी आपणच निघू. तांदूळ मात्र मी चिमट्याने काढून तिच्या तळहातावर ठेवला. तो तिने पदराला बांधला.

नेमकं त्याच वेळी वऱ्हाड आलं. मामा जीपमधून उतरला, त्याने आमच्या उघड्या बोनेटकडे आणि त्याच्याभोवतीच्या गाण्याकडे बघितलं. मग तो नुसता जीपचं बोनेट थोपटत उभा राहिला. पाटलांचे कान लाल झाले.

सगळं पुसलं, वाळवलं, पेट्रोलचा वास जाईपर्यंत थांबलो, टोपी बसवली. बॅटरी मेलेली, म्हणून इंजिन हाताने फिरवायला पुढून लोखंडी हँडल घातलं. पाटील म्हणाले मी मारतो. मी त्यांना अंगठा बाहेर ठेवायला सांगितलं, हँडल उलटा फटका मारतं. त्यांनी ऐकलं नाही आणि खाल्ला फटका. मग मी मारलं. खोकली, थुंकली, आणि लागली!

आता ती बंद करायची माझी छाती नव्हती. लग्नभर गाडी सुरूच ठेवली. मी आत बसून पाय ॲक्सिलरेटरवर, मधून मधून उतरून रेडिएटरमध्ये पाणी. भटजींची मंगलाष्टकं माझ्या सायलेन्सरखाली गेली. शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. हिराबायचा आवाज मात्र वरचढ राहिला.

पाठवणीची वेळ झाली. वनिताला आणून मागच्या सीटवर बसवलं, शेजारी नवरा. पाटील खिडकीपाशी आले. वनिता रडत काहीतरी सांगत होती आणि इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी कानाला हात लावून दोनदा विचारलं. मग पुढच्या खिडकीतून हात आत घातला, माझ्या पुढ्यातून, आणि चावी फिरवली.

गाडी बंद झाली. मांडवात एकदम शांतता. मी डोळेच मिटले. आणि त्या शांततेत वनिता जे सांगत होती ते सगळ्यांना ऐकू आलं.

"बा, वेलेवर जेव. आन मिस्तरीवर वरडू नको."

पाटलांनी मान हलवली. मामा पुढे झाला आणि जीपचं दार उघडून उभा राहिला. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मी उतरलो, हँडल घातलं. देव कोणताही असो, ह्या वेळेला ऐक, असं मनात म्हटलं. मी देव मानत नाही, पण हँडल हातात असताना दुसरं कुणी सुचलं नाही. अर्धा फेरा मारला आणि गरम इंजिन लगेच लागलं. बायका ओरडल्या, कुणीतरी ताशावर टिपरी मारली. मी पाटलांकडे बघितलं, शाबासकीसाठी. ते दुसरीकडे बघत होते.

तळोज्यापर्यंत गाडी शिंकलीसुद्धा नाही. वाटेत जीप मागे, आम्ही पुढे. नवरीला उतरवलं, मला तिथे पानसुपारी मिळाली, मामाने पाठ थोपटली, आणि मी रिकामी गाडी घेऊन गाणी म्हणत परत आलो. पत्रा वाचला होता! घरी बायकोला काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, ते सगळं मनात जुळवत होतो.

उन्हं कलली होती. गॅरेजात पाटील टायरवर बसलेले. लग्नाचा फेटा मांडीवर. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, चांगलं किंवा वाईट. मी गाडी लावली, चावी त्यांच्या हातात दिली, आणि म्हटलं, पोचवलं पोरीला, मजेत आहे.

ते चावीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गॅरेज तुजाच हाय. कोन उचलतंय."

मी बरं म्हटलं. ते उठेनात. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, फेट्यात तोंड घालून रडायला लागला.

"सुरू नसती झाली," ते म्हणाले, "त आजची रात पोर घरान राहिली असती रे."

गाडी सुरू होत नाही म्हणून रडकुंडीला आलेली पुष्कळ गिऱ्हाइकं मी बघितली होती, त्यांना काय सांगायचं ते मला पाठ होतं. सुरू झाली म्हणून रडणारं हे पहिलंच. मी दुसरा टायर ओढला आणि त्यांच्याशेजारी बसून राहिलो.